गीझर चालू, तरी पाणी कोमट: व्होल्ट आणि अँपिअरवरून दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

पुण्यात पंखे बंद झाले की आमचा फोन सुरू होतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून थेट संक्रांतीपर्यंत दिवसाला दोन-तीन फोन तरी एकाच दुखण्याचे. कोथरूडला दुरुस्तीचं दुकान टाकून बावीस वर्षं झाली, हे दुखणं आता मला झोपेतही सांगता येईल. तुमच्याकडे यातलं काय काय आहे ते आधी बघा.

- गीझरचा दिवा लागतो, पण पूर्वी वीस मिनिटांत कडकडीत होणारं पाणी आता पाऊण तासानेही कोमटच.
- प्लग उपसताना हाताला चटका बसतो. पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी झालंय, आणि घरात कुणी मासे खात नसलं तरी बाथरूमबाहेर सुकटीसारखा वास येतो.
- गीझर लावला की ट्यूब फडफडते किंवा जुना पिवळा बल्ब मंदावतो.
- एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडतो, पण लगेच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी.
- गीझर नवा आणला, तरी वरचं सगळं जसंच्या तसं.

शेवटचं लक्षण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठीच खरं तर हे लिहितोय, कारण त्यांचे पैसे आधीच गेलेत. सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा तिसरा गीझर होता. मी दारात चप्पल काढतोय तोवर त्यांचं सुरू झालं, "तीन घेतले रे, तिन्ही कंपन्या चोर!" मी गीझरकडे बघितलंच नाही, प्लग उपसला. एक पिन पितळी पिवळी, दुसरी काळी-निळी, आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक भाकरीच्या करपलेल्या कडेसारखं. कंपनी कुठलीही असो, त्या प्लगपुढे तिचं काही चालणार नव्हतं.

आधी दोन ओळींचं गणित

शाळेत ज्याला विद्युतरोध म्हणायचो तो रेझिस्टन्स, ओहममध्ये. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मन मास्तर, त्याने १८२७ साली हा नियम छापला, आणि आजही गीझरच्या दुरुस्तीला त्याहून जास्त काही लागत नाही.

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम
व्होल्ट × अँपिअर = वॅट

तुमच्या गीझरच्या पोटावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर बहुतेक वेळा २००० वॅट, २३० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. २००० ला २३० ने भागा, ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागा, साधारण साडेसव्वीस ओहम. हा सव्वीस-साडेसव्वीसचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. ३००० वॅटचा गीझर असेल तर १३ अँपिअर आणि साडेसतरा ओहम.

इथेच बहुतेकांची गफलत होते. लोकांना वाटतं, २००० वॅटचा गीझर म्हणजे तो कायम २००० वॅटच घेणार. तसं नाही. गीझरमध्ये पक्का असतो तो एलिमेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या कांडीचा, ओहम. वॅट किती ते तुमच्याकडे येणाऱ्या व्होल्टवर ठरतं. समजा २३० ऐवजी २०० व्होल्ट येतायत. घाईत लोक ८.७ ला २०० ने गुणतात आणि १७४० म्हणतात. चूक. व्होल्ट पडले की अँपिअरही पडतात: २०० ÷ २६.४५ म्हणजे ७.५६ अँपिअर, आणि २०० × ७.५६ म्हणजे १५१२ वॅट. व्होल्टेज तेरा टक्के पडलं, पण ताकद जवळजवळ पाव गेली. वीस मिनिटांचं पाणी सव्वीस-सत्तावीस मिनिटांवर गेलं, ते असं.

हे गणित फक्त तापणाऱ्या वस्तूंचं: गीझर, इस्त्री, बादलीतला रॉड, शेगडी. मोटरला लावू नका. इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराने मिक्सरच्या प्लगवर मीटर लावला, पंधरा ओहम आले, आणि पाचशे वॅटचा मिक्सर साडेतीन हजार वॅट खातो म्हणून आईला तो वापरायचा बंद करायला लावला. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, शिवाय कॉइलचा अडथळा वेगळाच. थांबलेल्या मोटरचे ओहम त्यातलं काहीच सांगत नाहीत. जुन्या पिवळ्या बल्बचंही तसंच. साठ वॅटचा बल्ब जळताना ८८२ ओहमचा असतो, पण थंड असताना मीटरवर शंभरसुद्धा दिसत नाहीत. गीझरच्या एलिमेंटमधली नायक्रोमची तार मात्र गुणी आहे. थंड-गरम यात तिचा फरक दोन-चार टक्क्यांचा, म्हणून थंड गीझरवर घेतलेलं माप चालतं.

पहिली तपासणी: खर्च शून्य, हत्यार शून्य

दोष विजेचा आहे की नळाचा ते आधी ठरवा. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला २००० वॅटच्या गीझरला हिशेबाने अठरा मिनिटं लागतात. पंचवीस लिटरला तीस. टाकी थंडीत गार पडलेली असते, पाईपही गार असतात, म्हणून वर चार-पाच मिनिटं धरा. तुम्ही मुळात पंधरा लिटरच्या जागी पंचवीस लिटरचा गीझर घेतला असेल आणि जुन्याच सवयीने वीस मिनिटांत बंद करत असाल, तर दुरुस्ती कशाचीच नको.

आता नळ. गरम-थंड एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातली आतली सील गेली की थंड पाणी गुपचूप गरमच्या लाइनीत शिरतं. गीझर बंद करा, त्याच्या इनलेटचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. पाणी दोन क्षणांत थांबलं पाहिजे. चालूच राहिलं तर ते गीझरमधून येतच नाहीये, थंडच्या लाइनीतून येतंय. प्लंबरला बोलवा आणि पुढचं वाचू नका. दहातली एक-दोन प्रकरणं इथेच मिटतात. कॉक परत उघडायला मात्र विसरू नका. रिकामी टाकी आणि चालू एलिमेंट ही जोडी एका सकाळीत एलिमेंट जाळते.

दुसरी तपासणी: प्लगला हात लावा

गीझर पंधरा मिनिटं चालू द्या. मग आधी स्विच बंद, मग एमसीबी बंद, हात कोरडे, आणि प्लग उपसून पिनांजवळ बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, किंवा एक पिन दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तुमचा चोर सापडला.

हे का महत्त्वाचं ते आकड्यात बघा. समजा प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली आहे आणि तिथे फक्त अर्धा ओहम तयार झालाय. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्यातून ८.७ अँपिअर जातायत. अर्ध्या ओहमवर पडणारे व्होल्ट ८.७ × ०.५, म्हणजे ४.३५. त्याला पुन्हा ८.७ ने गुणा: ३८ वॅट. दुकानात मी पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टाके देतो, त्याचं टोक कथील पाण्यासारखं वितळवतं. तुमच्या प्लगच्या पोटात त्याच्या दीडपट विस्तव आहे, रोज सकाळी तासभर.

लोक फसतात ते याच ठिकाणी. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावतात, तो चालतो, मग म्हणतात सॉकेट उत्तम आहे. चार्जर ओढतो जेमतेम ०.१ अँपिअर. त्याच अर्ध्या ओहमवर उष्णता होते ०.००५ वॅट. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून लूज कॉन्टॅक्ट फक्त मोठ्या लोडला पकडला जातो. टेस्टरचंही तेच. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, एवढंच. त्यातल्या निऑनला इतका नगण्य करंट लागतो की पुढे वायर एका धाग्यावर लटकत असली तरी तो ऐटीत पेटतो.

आता या दुखण्यातलं सगळ्यात चिवट: "प्लग बदलला होता हो, दोन महिन्यांत पुन्हा जळला." जळणारच. सॉकेटच्या आत पितळेच्या पाकळ्या असतात, त्या पिनेला चिमट्यात धरतात. एकदा तापल्या की त्यांचा ताण जातो, मग पकड ढिली, मग ओहम जास्त, मग आणखी ताप. नवा प्लग त्या मेलेल्या पाकळ्यांत घातला की तोही त्याच वाटेने जातो. प्लग आणि सॉकेट जोडीने बदला. काकूंनी तीन गीझर आणि चार प्लग बदलले होते, सॉकेट वाडा बांधल्यापासूनचं.

सामान आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाल तर सोळा अँपिअरचाच प्लग मागा, आयएसआय खूण बघा आणि हातात तोलून बघा. हलका लागला तर पिना पोकळ आहेत, परत ठेवा. दुकानदार "सगळं चालतं हो" म्हणेल, त्याला ते विकायचंय. मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर कधीही नाही. तिथे एका सांध्याचे तीन सांधे होतात.

प्लग बसवताना वायरचे सगळे धागे पिळून स्क्रूखाली जायला हवेत. दोन-चार धागे बाहेर राहिले तरी "बसलंय की" म्हणणारे आहेत. स्क्रू घट्ट आवळा, मग वायर हलकेच ओढून बघा. निघाली तर पुन्हा.

तिसरी तपासणी: मीटरच्या लाल दिव्याकडून वॅट मोजा

हा माझा आवडता प्रकार, कारण काहीही न उघडता गीझर किती वीज घेतोय ते कळतं. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला किती लुकलुका ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसकट. गीझर लावा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर शंभर लुकलुका मोजा.

हिशेब असा. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ जूल, शंभराला १,१२,५००. याला तुमच्या सेकंदांनी भागा, वॅट मिळाले. ५६ सेकंद लागले तर २००० वॅट, गीझर निर्दोष. ७५ लागले तर १५००, म्हणजे व्होल्टेज पडतंय किंवा वाटेत काहीतरी खातंय. दिवा मिनिटाला एक-दोनदाच लुकलुकला तर गीझर वीज घेतच नाहीये: थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की वीज तोडणारा), कटआउट (फारच तापलं तर तोडणारा) किंवा एलिमेंट. थर्मोस्टॅटने पाणी गरम समजून तोडलं असेल तरी तसंच दिसेल, म्हणून ही मोजणी सकाळी पाणी गार असतानाच करा.

एकदा मी स्वतः यात गंडलो. आकडा २१५० आला, गीझरला शिव्या दिल्या, मग स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरताना ऐकू आला. गुरुवारी, म्हणजे पुण्यात महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते त्या दिवशी, संध्याकाळी तर ही मोजणी करूच नका. दिवसभर वीज गेलेली असेल तर तुमचा इन्व्हर्टर बॅटरी भरत बसलेला असतो.

या युक्तीने ढोबळ दोषच दिसतो. घरातल्या वायरिंगमध्ये थोडं व्होल्टेज मरत असेल तर मरणारे वॅटही मीटर मोजतोच, तेव्हा फरक पाच-सात सेकंदांचाच पडतो. त्यासाठी पुढची पायरी.

चौथी तपासणी: लोड टाकून व्होल्टेज बघा

काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. डायल एसी व्होल्टवर, ७५० किंवा ६०० च्या रेंजला. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना ते दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटमध्ये घातली तर तो सरळ शॉर्ट आहे. मीटर हातात फुटलेला मी पाहिलाय.

दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर आधी गीझर बंद ठेवून व्होल्ट घ्या, मग गीझर लावून. पुरवठा नियमाने २३० च्या वरखाली सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये हवा. हे माप सकाळी सात वाजता, अख्ख्या बिल्डिंगचे गीझर चालू असताना घ्या आणि दुपारी दोनला पुन्हा घ्या. सकाळी २०५ आणि दुपारी २३२, आणि तुमचा गीझर बंद असतानाही तसंच? मग दोष तुमच्या घरात नाहीच. सोसायटीच्या मुख्य केबलपाशी किंवा महावितरणकडे आहे. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि शेजाऱ्यांनाही नोंदवायला लावा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा सहा जणांची लवकर हलते.

गीझर लावल्याबरोबर दुसऱ्या खोलीतही व्होल्ट पडले तर मीटरपासून तुमच्या मुख्य बोर्डापर्यंत कुठेतरी सांधा ढिला आहे. तिथे काही पडलं नाही, पण पाणी कोमटच, तर दोष गीझरच्याच लाइनीत आहे. त्या लाइनीच्या टोकाचं माप बोर्ड उघडून घ्यावं लागतं, आणि ते काम वायरमनचं. तुम्ही नका करू.

काकूंकडे मी ते घेतलं. गीझर बंद असताना २३२ व्होल्ट, लावल्यावर २१४. क्लॅम्प मीटरवर ८.१ अँपिअर. (क्लॅम्प एकाच वायरभोवती घालायचा. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले की तो शून्य दाखवतो, आणि लोक मीटर खराब म्हणून परत करतात.) १८ व्होल्ट वाटेत गळाले. १८ ÷ ८.१ म्हणजे सव्वादोन ओहम. १८ × ८.१ म्हणजे १४६ वॅट. काकूंच्या भिंतीत, कॅलेंडरमागे, रोज सकाळी १४६ वॅटची शेगडी पेटत होती, आणि तिचं बिलही त्याच भरत होत्या.

यातलं वायरचं स्वतःचं किती? दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला किलोमीटरला साधारण १२ ओहम. बोर्ड वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे अर्धा ओहम. अडीचची वायर असती तर ०.३, चारची असती तर ०.२ सुद्धा नाही. म्हणून गीझरला अडीचच्या खाली वायर टाकू नये, लांब असेल तर चारची. बाकीचे पावणेदोन ओहम सांध्यांचे. काही सॉकेटचे होते, आणि उरलेले कॅलेंडरमागच्या जंक्शन बॉक्समध्ये निघाले. तिथे जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप गुळाच्या पाकासारखी ओघळली होती.

पाचवी तपासणी: गीझर न उघडता ओहम

प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण चालू लाइनीवर ओहम मोजायला गेलेले मीटर दर महिन्याला दुकानात येतात.

मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा. ०.३-०.४ दाखवेल, तो वायरींचा स्वतःचा, पुढे वजा करायचा. मग पाणी गार असताना, गीझरवर बटण असेल तर ते चालू करून, प्लगच्या दोन सारख्या पिनांवर टोकं धरा.

२००० वॅटच्या गीझरला २५ ते २९ आलं तर एलिमेंट, थर्मोस्टॅट, कटआउट तिन्ही ठीक. नवा गीझर आणू नका. काहीच आकडा येत नसेल, नुसता १ किंवा ओएल दिसत असेल, तर वाट कुठेतरी तुटली आहे. बऱ्याचदा कटआउट पडलेला असतो, आणि तो का पडला हे शोधल्याशिवाय बटण दाबून चालू करणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

साडेसतरा आलं तर कुणीतरी ३००० वॅटचं एलिमेंट घातलंय. हे वाटतं त्यापेक्षा जास्त दिसतं. बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या वाघोली, उंड्रीकडच्या सोसायट्यांत क्षारांनी एलिमेंट लवकर जातं आणि दुरुस्तीवाला गाडीत असेल ते बसवून जातो. लोक म्हणतात क्षारांमुळे गीझर जास्त वीज खातो. क्षार बसल्याने एलिमेंटचे ओहम बदलत नाहीत, म्हणून अँपिअर आणि वॅटही तेवढेच राहतात. क्षारांच्या थरामुळे तार आतल्या आत जास्त तापते आणि अकाली जळते, नुकसान ते.

मग मीटर मोठ्या रेंजवर नेऊन एकेका पिनेपासून वरच्या जाड अर्थिंगच्या पिनेपर्यंत मोजा. काहीही आकडा दिसला तर गीझर लावू नका. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर हिशेब बघा: २३० ÷ ०.०३ म्हणजे ७६६७ ओहम. अर्थकडे जाणारी वाट त्याच्या आत आली की तो पडलाच पाहिजे, बऱ्याचदा त्याआधीच पडतो. उलट मीटरवर काही दिसलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तपासतो. २३० व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन पकडायला ५०० व्होल्टचा मेगर लागतो.

एमसीबी कधी पडतो ते घड्याळ लावून बघा

लावताक्षणी पडला तर शॉर्ट. पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड किंवा एमसीबीच्याच स्क्रूवर ढिला सांधा. दहा अँपिअरच्या एमसीबीवर १३ अँपिअर म्हणजे १.३ पट. एवढ्याला तो लगेच पडत नाही, आतली पट्टी हळूहळू तापून वाकते, आणि कधी कधी पडतच नाही. म्हणूनच "सोमवारी पडतो, मंगळवारी नाही" असं होतं.

आणि कृपा करून ३२ चा एमसीबी टाकू नका. एमसीबी वायर वाचवायला असतो. हडपसरला एकाने ३२ चा टाकून घेतला, एमसीबी पडायचा थांबला, तो खूश. दीडच्या वायरीचं इन्सुलेशन पाईपात वितळून एकमेकांना चिकटलं होतं. पाईप फोडून काढावा लागला.

इथे थांबा, वायरमन बोलवा

परवाना असलेला वायरमन, "मला थोडंफार येतं" म्हणणारा नाही. खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः हात घालू नका:

- नळाला किंवा पाण्याला हात लावला की मुंग्या येतात. गीझर बंद, एमसीबी बंद, आणि माणूस येईपर्यंत अंघोळ दुसरीकडे. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो. भागाकार तुम्हीच करा.
- आरसीसीबी पडतोय. तो बायपास करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.
- बोर्डातून वास, चरचर किंवा भिंत गरम.
- वायर ॲल्युमिनियमची आहे, किंवा जुन्या लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे.
- अचानक दिवे जास्तच लखलखले, मीटरवर २६०-२८० च्या वर व्होल्ट. न्यूट्रल तुटला असेल. मेन स्विच लगेच बंद, टीव्ही-फ्रिजचं नंतर बघू.
- मीटरच्या आधीचं काहीही. त्या बाजूला हात लावायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही.

फोन करताना "गीझर बिघडलाय" एवढंच सांगू नका. पट्टीवरचे वॅट, गार पाण्यावर प्लगच्या पिनांत आलेले ओहम, गीझर बंद-चालू असतानाचे व्होल्ट आणि एमसीबी किती मिनिटांनी पडतो ते सांगा. माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि एका फेरीत काम होतं.

काकूंची लाइन चारच्या वायरीने नवी ओढली, सॉकेट बदललं. गीझर लावून २३० व्होल्ट, ८.७ अँपिअर. निघताना त्या म्हणाल्या, आधीचा एक माळ्यावर आहे, भंगारात घालायचाय, नेतोस का? खाली उतरवून पुसला, पिनांवर मीटर लावला. २६.७. अर्थकडे काही नाही, मेगरलाही स्वच्छ.

"म्हणजे हा मेला धडधाकटच होता?"

"हो काकू."

तो आता त्यांच्या भाच्याकडे धायरीला आहे.